कोल्हापूर जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालये आणि शासकीय अनुदान

कोल्हापूर जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालये ही बहुतांशी स्वयंसेवी संस्थांनी स्थापन केलेली आणि चालवलेली, परंतु दैनंदिन खर्चासाठी महाराष्ट्र शासनाच्या परिरक्षण अनुदानावर अवलंबून असलेली ग्रंथालये आहेत. २०१२ ते २०२२ या काळात अनुदानाचे दर गोठलेले राहिल्यामुळे या संस्थांचे अर्थकारण बदलले. या काळात दरकपातीची घोषणा झाली नाही. महागाईमुळे त्याच रकमेची क्रयशक्ती मात्र दरवर्षी घटत गेली.

पार्श्वभूमी

कोल्हापुरातील करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० मध्ये झाली. इचलकरंजीचे आपटे वाचन मंदिर १८७० मधील आहे. आजरा येथील श्रीमंत गंगामाई वाचन मंदिर हेही याच परंपरेतील. संस्थानिकांचा आश्रय, स्थानिक प्रतिष्ठितांच्या देणग्या आणि सभासदांची वर्गणी या तीन आधारांवर अशा संस्था उभ्या राहिल्या.

भारतातील पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानातच झाला. बहुचर्चित मद्रास कायदा त्यानंतरचा, १९४८ चा. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि तो कायदा मागे पडला.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. मद्रास आणि कर्नाटक (१९६५) येथील कायद्यांत ग्रंथालय कराची तरतूद होती. महाराष्ट्राने ती केली नाही. त्याऐवजी राज्याने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लाख रुपये द्यावेत, अशी तरतूद ठेवली. ही किमान मर्यादा रुपयांत ठरवलेली असल्याने काही वर्षांतच ती निरर्थक ठरली. प्रत्यक्ष तरतूद तिच्यापेक्षा कितीतरी अधिक असते, पण ती किती असावी हे कायदा सांगत नाही. ते दरवर्षीच्या अर्थसंकल्पात ठरते. कर्नाटकात मालमत्ता करावर ६ टक्के ग्रंथालय उपकर आहे आणि सार्वजनिक ग्रंथालये प्रामुख्याने शासकीय विभाग चालवतो. स्थानिक संस्थांकडे उपकर थकण्याची तक्रार तेथेही आहे. तथापि कराचे उत्पन्न मालमत्तांबरोबर वाढते. महाराष्ट्रातील अनुदानाचा दर मात्र शासन निर्णय झाल्याशिवाय हलत नाही.

अनुदानाची पद्धत

अनुदानासाठी संस्था नोंदणीकृत असावी लागते आणि तिला ग्रंथालय संचालनालयाची मान्यता लागते. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके, कामाचे तास इत्यादी निकषांवर ग्रंथालयांचे जिल्हा, तालुका व इतर असे प्रकार आणि त्यांत अ, ब, क, ड असे वर्ग पाडले जातात. मान्य खर्चाच्या ९० टक्के किंवा त्या वर्गासाठी ठरलेली कमाल रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती अनुदान म्हणून दोन हप्त्यांत मिळते. उरलेला वाटा संस्थेने स्वतः उभारायचा असतो. अनुदानाचा निम्मा भाग वेतनावर, निम्मा वेतनेतर बाबींवर, म्हणजे ग्रंथखरेदी, नियतकालिके, भाडे, वीज, बांधणी यांवर खर्च करावा लागतो.

२०१२ मध्ये अनुदानात ५० टक्के वाढ झाली. ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान २० हजारांवरून ३० हजार रुपये झाले आणि ‘इतर अ’ वर्गाचे २ लाख ८८ हजार. त्याच वर्षी मे महिन्यात महसूल विभागामार्फत राज्यभरातील ग्रंथालयांची पडताळणी करण्यात आली. केवळ कागदोपत्री चालणाऱ्या काही संस्था तीत उघड झाल्या व त्यांची मान्यता गेली. ही छाननी आवश्यकच होती. मात्र त्याच सुमारास नव्या मान्यता आणि वर्गबदलही थांबवण्यात आले. त्यामुळे ग्रंथसंख्या व सभासद वाढूनही चांगले काम करणारे ‘ड’ वर्गातील ग्रंथालय वर्षानुवर्षे ‘ड’ वर्गातच राहिले.

गोठलेल्या दराचे परिणाम

गावातील ‘ड’ वर्ग ग्रंथालयाचे उदाहरण घेतल्यास हिशेब स्पष्ट होतो. ३० हजार रुपयांतील निम्मे, म्हणजे १५ हजार रुपये वेतनासाठी. ते एकाच ग्रंथपालाला दिले, तरी महिन्याला १,२५० रुपये होतात. उरलेल्या १५ हजारांत वृत्तपत्रे, मासिके, दिवाळी अंक, वीजबिल आणि नवी पुस्तके बसवावी लागतात. वृत्तपत्रे थांबली की रोजचा वाचक तुटतो, म्हणून कात्री प्रथम पुस्तकांना लागते.

२०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर झाली आणि ‘ड’ वर्गाची रक्कम ४८ हजार झाली. पण २०१२ हे आधारवर्ष मानून १०० धरलेला अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांक ऑक्टोबर २०२२ मध्ये १७६ च्या वर होता. २०१२ च्या किमतींत मोजल्यास हे ४८ हजार रुपये सुमारे २७ हजारांच्या बरोबरीचे ठरतात. म्हणजे वाढीनंतरचे अनुदानही दहा वर्षांपूर्वीच्या अनुदानाहून कमी होते. ग्रंथपालाच्या वाट्याला दरमहा २ हजार रुपये आले. ग्रंथालय कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी व सेवाशर्ती द्याव्यात ही मागणी जुनी आहे आणि त्यांच्या स्थितीचा विचार शासननियुक्त पत्की समितीनेही केला होता. प्रत्यक्षात हे कर्मचारी शासकीय सेवक नाहीत, आणि नियोक्ता असलेल्या विश्वस्त मंडळाकडे वेतन वाढवण्याइतका स्वतंत्र पैसा नाही.

या अवस्थेत संस्था टिकते ती प्रामुख्याने ग्रंथपालाच्या अल्प मोबदल्यावर. ज्याला ‘स्वयंसेवा’ म्हटले जाते तिचा मोठा भाग कार्यकारी मंडळाचा नसून या कर्मचाऱ्याचा असतो, हे ताळेबंदात दिसत नाही.

अनुदानाचा हप्ता लांबला की अडचण वाढते. दप्तर, लेखापरीक्षण आणि वार्षिक अहवाल वेळेत द्यावे लागतात, खर्च आधी करावा लागतो आणि पैसे नंतर येतात. शिलकी निधी असलेली जुनी शहरी संस्था हा काळ निभावून नेते. लहान संस्थेत पुस्तक विक्रेत्याची उधारी किंवा पदाधिकाऱ्याची पदरमोड हाच आधार उरतो. कोलकाता येथील राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या समान निधी योजनेत राज्याने आपला हिस्सा घातल्यावर त्या प्रमाणात केंद्राचा हिस्सा मिळतो. म्हणून राज्याने हात आखडला की या योजनेतील केंद्राचाही पैसा कमी होतो.

करोना काळात दोन्ही बाजूंनी कोंडी झाली. वित्त विभागाच्या ४ मे २०२० च्या निर्णयाने त्या वर्षीच्या तरतुदीपैकी ३३ टक्के निधीच उपलब्ध करून देण्याचे धोरण ठरले. ग्रंथालये मार्च २०२० पासून बंद होती आणि ऑक्टोबरच्या मध्यास उघडण्याची परवानगी मिळाली, त्यामुळे वर्गणीही आटली.

पर्यायी उत्पन्न

वर्गणी वाढवणे हा पहिला उपाय असला, तरी त्याने सभासद घटण्याची आणि पर्यायाने वर्गाचा निकष हातचा जाण्याची भीती असते. काही संस्था सभागृह भाड्याने देतात, देणगीदारांच्या नावे पुस्तक-कपाटे ठेवतात किंवा वाढदिवस आणि स्मृतिदिनानिमित्त ग्रंथदान मागतात. दान म्हणून येणारी पुस्तके अनेकदा वापरलेली व पाठ्यपुस्तकवजा असतात. वाचकांची मागणी असलेली नवी पुस्तके त्यांतून क्वचितच मिळतात.

स्पर्धा परीक्षांसाठीची अभ्यासिका हा त्यांतल्या त्यांत भरवशाचा मार्ग ठरला आहे. जागा, वीज व शांतता यांसाठी विद्यार्थी मासिक शुल्क देतात. बाहेरगावाहून आलेल्या आणि खोलीत चार-पाच जणांसोबत राहणाऱ्या विद्यार्थ्याची ही खरी गरज आहे. परंतु अभ्यासिकेतील विद्यार्थी स्वतःची पुस्तके घेऊन येतो. खुर्च्या वाढतात तशी बालविभागाची आणि मुक्त वाचनाची जागा कमी होते, आणि देवघेवीच्या नोंदवहीपेक्षा अभ्यासिकेची पावतीपुस्तके लवकर भरू लागतात.