मोबाईल बिघडला, आता काय करावे?

श्रोतेहो, विहिरीवरचा पंप बंद पडला म्हणजे कोणी एकदम मोटर बाहेर काढीत नाही. आधी वीज आहे का पाहतात, मग फ्यूज, मग स्टार्टर. बिघाड शोधण्याची ही रीत आपल्याला चांगली ठाऊक आहे. पण मोबाईल अडला की आपण ती विसरतो आणि तडक तालुक्याचे दुकान गाठतो. दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे जाते, आणि पुष्कळदा दोष फोनच्या आत नसतोच.

समजा, फोन चार्ज होत नाही. प्रथम त्याच ठिकाणी दुसरे काही लावून वीज आहे ना ते पाहा. मग वायर बदला, मग चार्जर. वायर वाकून वाकून आतल्या आत तुटते. वरून ती धडधाकट दिसते. तरीही भागले नाही तर फोन बंद करून पिन घालण्याच्या भोकात उजेडात पाहा. खिशातले तंतू व धूळ तेथे दाबून बसतात आणि पिन पुरती आत जात नाही. लाकडी दातकोरणीने ते हलकेच काढावे. सुई किंवा टाचणी मात्र घालू नये.

फोन मंद चालतो, मध्येच अडकतो? तो एकदा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. मग साठवणुकीची जागा पाहा. शाळेच्या गटावर येणारी शुभेच्छांची चित्रे आणि व्हिडिओ यांनीच ती बहुधा भरलेली असते. सर्व पुसून फोन नव्यासारखा करण्याचा उपाय अगदी शेवटचा. त्यात फोटो, हजेरीच्या नोंदी, सारेच जाते. म्हणून आधी त्यांची प्रत दुसरीकडे ठेवावी आणि गूगल खात्याचा पासवर्ड आठवतो ना, याची खात्री करावी.

पाण्यात पडलेला फोन लगेच बंद करावा, पुसावा, सिमचा कप्पा बाहेर काढावा आणि हवेशीर जागी वाळू द्यावा. ओला असताना चार्जिंगला लावू नये. तांदळात पुरण्याचीही गरज नाही. उलट कणी व पीठ आत शिरते.

आता घरी हात लावू नये असा दोष कोणता? फोनची पाठ फुगली किंवा पडदा कडेने उचलला गेला, तर बॅटरीत वायू साठला आहे असे समजावे. ती दाबली वा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. असा फोन बंद करावा, चार्जिंगला मुळीच लावू नये, अंथरुणापासून व मुलांपासून दूर ठेवावा आणि विनाविलंब जाणकार कारागिराकडे न्यावा. येथे भाड्याचा विचार करू नये.

दुकानात जाण्यापूर्वी *#०६# दाबून येणारा पंधरा आकडी क्रमांक लिहून ठेवा. सिम आणि कार्ड काढून घ्या. कोणता भाग बदलणार आणि खर्च किती, हे आधी विचारा व पावती घ्या. आणि मंडळी, पैसे पाठविण्याचा पिन कोणालाही सांगू नका. दुरुस्तीसाठी कारागिराला त्याची कधीच गरज पडत नाही.