पहिल्या नोकरीचा धडा : सुरुवातीची दहा मिनिटे

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे नववीत पोचलेल्या मुलाच्या कानावर ही भाषा आठ वर्षे पडलेली असते. तरीही ‘फर्स्ट जॉब’ हा विषय निघाला की भूम-परंड्याकडचे वर्ग गप्प होतात. ऑफिस, मुलाखत, बायोडाटा हे मुलांनी पाहिलेले नसते. कामे मात्र त्यांनी फार जवळून पाहिलेली असतात. म्हणून धाराशिव जिल्ह्यात या धड्याची सुरुवात इथल्या कामांपासून करावी.

आधी वस्तू दाखवाव्यात. टेबलावर तुळजापूरची कवड्यांची माळ, खवा हलवायचे मोठे उलथणे, शिंप्याची टेप ठेवावी. कोयत्याचे फक्त चित्र आणावे. एकेक वस्तू उचलून विचारावे, ‘हू यूझेस धिस?’ उत्तर एका शब्दात आले तरी चालेल, मराठीत आले तरी चालेल. कोणी ‘भट्टीवाला’ म्हणाले, तर बाईंनी किंवा सरांनी ‘यस, ही मेक्स खवा’ असे पूर्ण वाक्य म्हणून फळ्यावर लिहावे. चूक दाखवण्याऐवजी बरोबर वाक्य कानावर घातले, की मूल पुढच्या वेळी तोंड उघडते.

मग ओळखीचा खेळ. एका मुलीने मनात एक काम धरायचे: एसटीचा कंडक्टर, आशाताई, गवंडी. वर्गाने प्रश्न विचारायचे आणि तिने फक्त ‘यस’ किंवा ‘नो’ म्हणायचे. नवशिक्यांना खरी अडचण प्रश्न तयार करण्याची असते. म्हणून ‘डू यू वर्क आउटडोअर्स?’, ‘डू यू वेअर अ युनिफॉर्म?’ असे चार प्रश्न फळ्यावर आधीच असावेत. दोन फेऱ्यांनंतर मुले पाचवा प्रश्न स्वतः जुळवू लागतात.

तिसऱ्या भागाची तयारी आदल्या दिवशी करावी. आई, वडील किंवा आजीला घरी मराठीतच दोन गोष्टी विचारून यायच्या: तुमचे पहिले काम कोणते, आणि पहिल्या कमाईचे काय केले? वर्गात ते इंग्रजीत सांगायचे. ‘माय मदर्स फर्स्ट जॉब वॉज...’, ‘शी बॉट...’ अशी अर्धी वाक्ये फळ्यावर द्यावीत. आईची गोष्ट सांगायची ओढ असते, त्यामुळे भूतकाळाचे व्याकरण नियम म्हणून पाठ करावे लागत नाही. ते गरजेपोटी येते.

इथे एक जपायला हवे. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि काही मुलेही फडावर जाऊन आलेली असतात. १९८६चा बालकामगार कायदा, २०१६च्या दुरुस्तीनंतर, चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवायला मनाई करतो. शाळेनंतर घरच्या कामात मदत करण्यासारख्या मोजक्याच सवलती आहेत. म्हणून ‘तुझे पहिले काम कोणते?’ असे कोणालाही थेट विचारू नये. कोणी आपणहून सांगितले, तर कीव न करता ऐकावे आणि हवे ते शब्द पुरवावेत. कोणाचेही काम हलके ठरू देऊ नये.

एवढे झाल्यावर पुस्तक उघडावे. फळ्यावरची वाक्ये मुलांच्याच घरातून आलेली असतात, त्यामुळे धड्यातल्या अनोळखी माणसाची पहिली नोकरी त्यांना ताडून पाहता येते. तास संपताना त्याच वाक्यांच्या आधाराने प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका माणसाबद्दल पाच ओळी लिहाव्यात.