पोलीस भरती : पळणे, पेपर आणि कार्बन प्रत



बारावी झाली की आपल्या जोयडा तालुक्यातली बरीच मुले पोलीस भरतीच्या तयारीला लागतात. आम्ही बँकेत काउंटरवर असताना जाहिरात निघाली की फीची चलने भरायला त्यांची रांग लागे. एखादा हळूच विचारी, "साहेब, खरंच मार्कांवर घेतात का?" आम्ही शिक्का मारून चलन परत देत होतो, उत्तर देत नव्हतो. आता निवृत्तीनंतर सवड आहे, म्हणून समजले तेवढे सांगतो.

आपल्यापैकी काहींचे नातेवाईक महाराष्ट्रात आहेत, म्हणून आधी तिकडचे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत पुरुषांना ५ किलोमीटर पळावे लागे. उन्हात पळताना उमेदवार कोसळले, काहींचा जीव गेला. नंतर अंतर कमी करण्यात आले. आता पुरुषांना १६०० मीटर व १०० मीटर पळणे आणि गोळाफेक, असे ५० गुण असतात. मैदानी आधी, त्यातून निवडलेल्यांची १०० गुणांची लेखी नंतर. पळण्याची वेळ आता अनेक ठिकाणी अंगावर लावलेल्या चिपने मोजतात. पूर्वी शिट्टी आणि स्टॉपवॉच एकाच माणसाच्या हातात असे. दोन सेकंदांत नोकरी जाते, तेव्हा हा बदल लहान नाही.

आपल्या कर्नाटकात कॉन्स्टेबलसाठी उलटा क्रम आहे. आधी १०० गुणांची लेखी, मग मैदानी. पुरुषांनी १६०० मीटर साडेसहा मिनिटांत पुरे करायचे, पण त्याला गुण नाहीत. पास की नापास, एवढेच. म्हणजे पाच मिनिटांत पळणारा आणि सहा मिनिटांत पळणारा सारखेच. निवड ठरते ती पेपरावर. आपली मुले पळण्यात कोणाला हार जात नाहीत, अडतात ती इथे.

आणि पेपरातच मोठा घोटाळा झाला. ५४५ पीएसआय पदांसाठी ३ ऑक्टोबर २०२१ रोजी लेखी परीक्षा झाली. उत्तरपत्रिका ओएमआर, म्हणजे गोल काळे करायचे आणि मशीनने तपासायचे. सगळे आधुनिक. जानेवारी २०२२ मध्ये निवड यादी लागली, मग ओरड सुरू झाली. कलबुर्गीच्या एका केंद्रातील उमेदवाराकडे उरलेल्या कार्बन प्रतीवर फक्त २१ प्रश्न सोडवलेले होते, गुण मात्र शंभरच्या वर. गोल नंतर कोणीतरी भरले होते. पुढे सीआयडीने भरती विभागाच्या प्रमुखपदी राहिलेल्या अधिकाऱ्यालाही अटक केली. उत्तरपत्रिका बंगळूरच्या स्ट्राँगरूममध्ये असताना त्यांत फेरफार झाला, असा आरोप आहे.

आम्ही बँकवाले इथे थांबतो. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून पास करायची. मॅनेजर कितीही सज्जन असो, दोन्ही किल्ल्या त्याच्याकडे देत नाहीत. भरतीत मशीन आले, पण किल्ली एकाच खात्याकडे राहिली. परीक्षा घेणारे तेच, कागद सांभाळणारे तेच, निकाल लावणारेही तेच.

२९ एप्रिल २०२२ रोजी सरकारने संपूर्ण परीक्षा रद्द केली. प्रामाणिकपणे पास झालेलेही त्यात भरडले गेले. ते हायकोर्टात गेले, पण नोव्हेंबर २०२३ मध्ये कोर्टाने रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला आणि फेरपरीक्षा स्वतंत्र संस्थेकडून घ्यायला सांगितले. ती कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाने २३ जानेवारी २०२४ रोजी घेतली, सगळी केंद्रे बंगळुरात. आमच्या मते खरी सुधारणा हीच, की दुसरी किल्ली दुसऱ्या संस्थेकडे गेली. पण सव्वादोन वर्षे गेली ती गेलीच. वयाची मर्यादा जवळ आलेल्या मुलासाठी सव्वादोन वर्षे म्हणजे काय, हे घरच्यांनाच विचारा. आणि जोयड्याहून बंगळूरचा प्रवास, राहणे, जेवण हा खर्चही गरीब घराला जड आहे, हे अधिकाऱ्यांना कोणी सांगावे?

आता आपल्यापुरते. परीक्षेहून आणलेली कार्बन प्रत चुलीजवळ टाकू नका. अंतिम यादी लागून नेमणूक होईपर्यंत प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. वरच्या प्रकरणात तोच एक कागद बोलला. प्रश्नपत्रिका कन्नड व इंग्रजीत असते. पीएसआयच्या पहिल्या पेपरात तर निबंध, सारांश आणि कन्नड-इंग्रजी भाषांतर लिहावे लागते. घरी मराठी-कोंकणी बोलणाऱ्या आपल्या मुलांनी रोज एक पान कन्नड वर्तमानपत्र वाचून त्याचे भाषांतर करावे, पळण्याइतकेच नेमाने. उंचीत सिद्दी समाजासारख्या जमातींना सवलत आहे. आपल्या कुणबी समाजाची अनुसूचित जमातीची मागणी अजून पडून आहे, त्यामुळे ती सवलत आपल्याला धरू नका; फॉर्म भरण्याआधी उंची मोजून घ्या.

अर्ज ऑनलाइन असतो आणि आपल्याकडे नेटवर्कची काय अवस्था आहे ते सर्वांना ठाऊक आहे. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. रामनगर किंवा दांडेलीला जाऊन आठवडाभर आधी भरा आणि फी भरल्याची पावती छापून घ्या. पावतीवरचे नाव दहावीच्या मार्क्सकार्डाशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे आम्ही बघून देऊ. दुपारी जेवणानंतर आम्ही घरीच असतो.