पहिल्या प्रयत्नाचा डाग लागत नाही

गेल्या जूनमध्ये शेजारची मुलगी मोबाइलवर नीटचा निकाल घेऊन आमच्या ओटीवर आली. मागून वडील, वाडीतून तसेच आलेले, हातापायांना माती. तिला पुन्हा बसायचं होतं, वडील राजी नव्हते. ‘‘मास्तर, कॉलेजवाले दोन्ही वर्षांचे गुण बघतात, सरासरी काढतात. पहिल्याचा डाग राहतो.’’ चोंढीच्या नाक्यावर कुणीतरी सांगितलेलं. ही भीती मी किहीमच्या अनेक घरांत ऐकली आहे, आणि तिच्यापायी हुशार मुलींनी नाद सोडलेलाही पाहिला आहे.

सरासरी कुणी काढत नाही. नीटचे गुण त्या वर्षाच्या प्रवेशापुरते. पुढच्या वर्षी बसलं की यादी नव्या गुणांवरच लागते. मात्र गुण कमी आले तर जुने वापरता येत नाहीत, हेही घरी सांगायला हवं. कितीदा बसायचं याला मर्यादा नाही, आणि कमाल वयाची अट 2022 मध्ये काढली गेली. अलिबागचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 2021-22 मध्ये 100 जागांनी सुरू झालं. तिथल्या प्रवेशासाठी पहिल्यांदा बसलेली आणि तिसऱ्यांदा बसलेली मुलं एकाच यादीत असतात. मधल्या वर्षाबद्दल कधी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, तेवढंच. त्याने गुण कापले जात नाहीत.

इंजिनिअरिंगचा हिशेब वेगळा. जेईई मेन जानेवारीत आणि एप्रिलमध्ये होते आणि दोन्हींतला चांगला एनटीए स्कोअर धरतात. पण एकूण स्कोअर. जानेवारीचं गणित आणि एप्रिलचं रसायन जोडून नवा निकाल तयार होत नाही. असे विषय जोडता येतात हा समज अमेरिकेतल्या सॅटवरून आला असावा. तिथली बरीच विद्यापीठं वेगवेगळ्या दिवशींच्या उत्तम विभागांची बेरीज करतात. आपली एमएचटी-सीईटीही 2026 पासून पीसीएम, पीसीबी गटांसाठी दोनदा घ्यायचं ठरलं : दुसरी ऐच्छिक, दोन्हींतला चांगला पर्सेंटाइल ग्राह्य.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, इथे तर पालक हमखास फसतात. आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण शेकडा किती मुलांना मिळाले, ते त्यातून कळतं. म्हणून दुसऱ्या खेपेला पेपरात गुण वाढूनही पर्सेंटाइल खाली येऊ शकतो. त्या पाळीत पेपर सोपा गेलेला असतो. मूल अभ्यासात मागे पडलं, असा अर्थ लगेच काढू नये.

वडिलांची भीती एका ठिकाणी मात्र खरी आहे. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला सलग दोन वर्षांत दोनदाच बसता येतं, आणि आयआयटीची जागा एकदा स्वीकारली की पुढच्या वर्षी पुन्हा बसता येत नाही. तिथे आवडीची शाखा मिळाली नाही, तर जागा घेण्याआधीच नीट विचार करावा.

हे सगळं ऐकून वडील बराच वेळ गप्प बसले. आता डागाचा प्रश्न उरला नव्हता, वर्षाचा होता : फी, आणि मुंबईचा क्लास, तोही मांडव्याहून गेटवेच्या लाँच पावसात बंद असताना. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, मी अलिबागला जाईन. सकाळची एसटी आहे.’’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘मास्तर, फॉर्म कधी निघतो?’’