बाहेरचं नव्हे, मेंदूचा ताप!

भिवंडी : चित्र ओळखीचं आहे. भातकापणी उरकून घरातला पोरगा पुन्हा लूमवर जायला लागतो. दोन-तीन आठवडे बारीक ताप, डोकं ठणकतंय, जेवण जात नाही. मग तो एकाएकी चिडायला लागतो, रात्री काहीबाही बरळतो, घरच्यांनाच ओळखत नाही. म्हातारी म्हणते, "बाहेरचं आहे." मग भगत, नारळ, कोंबडं. त्यात आठ-दहा दिवस जातात, आणि नेमके तेच दिवस मोलाचे असतात.

क्षयाचे जंतू रक्तावाटे मेंदूच्या आवरणापर्यंत गेले, की सुरुवातीला कधीकधी नुसता स्वभावच बदलतो. उलट्या, मान ताठणं, झटके, बेशुद्धी मागाहून येतात. खोकला असेलच असं नाही. मेंदूत गेलेला मलेरिया तर एक-दोन दिवसांतच माणसाला भ्रमिष्ट करतो. तेव्हा चांगला हिंडता-फिरता माणूस थोड्या दिवसांत बदलला आणि जोडीला ताप, डोकेदुखी, उलटी किंवा झटका असेल, तर त्याला आधी आरोग्य केंद्रात न्या. तिथून आयजीएमला किंवा ठाण्याला पाठवलं तर वाटेत घरी परतू नका. १०८ ची गाडी फुकट आहे.

तिथं डॉक्टर मणक्यातलं पाणी काढायला सांगतात आणि नातेवाईक बिथरतात. "पाणी काढलं की माणूस लुळा पडतो," हा समज गावोगाव आहे. तो खोटा आहे. सुई कमरेच्या खालच्या भागात घालतात, मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. लुळेपणा येतो तो आजार वाढू दिल्यामुळं. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. मेंदूच्या क्षयाला ती नऊ ते बारा महिने घ्यावी लागतात, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नाहीत. आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये खात्यात येतात. तान्ह्या बाळाला बीसीजी टोचली असेल तर या रोगापासून बरंच संरक्षण मिळतं.

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं. त्या काळी जगभरच्या अशा इस्पितळांत उपदंशानं वेडे झालेले रोगी असायचे. त्यांच्या मेंदूत जंतू सापडले ते १९१३ साली, आणि पुढं पेनिसिलिन आल्यावर तो प्रकार फार कमी झाला. म्हणजे वेडामागं जंतू असतो ही काही नवी गोष्ट नाही. (खरा मानसिक आजार असला, तरी त्यालाही औषधच लागतं, मार नव्हे.)

कुत्र्याचं प्रकरण मात्र वेगळं. पिसाळलेलं कुत्रं चावलेला माणूस पाण्याला, वाऱ्याला घाबरतो, आरडाओरडा करतो, तेव्हा वेळ गेलेली असते. चावा झाल्याबरोबर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. पोलीस पाटलांनी ध्यानात घ्यावं, कुत्रा किंवा साप चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंतर-गंडा करणं, तसंच भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

दवाखान्यात गेल्यावर नुसतं "वेड लागलंय" म्हणू नका. ताप कधीपासून आहे, घरात किंवा कामावर कुणाला क्षय आहे का, गेल्या काही महिन्यांत कुत्रं चावलं होतं का, हे आपणहून सांगा.