परीक्षकांची लेखणी : १८३२ ते २०२५

शोधनिबंध छापण्याआधी त्या विषयातल्या जाणकाराला दाखवायचा, त्याचा लेखी अभिप्राय घ्यायचा आणि मग निर्णय करायचा, ही रीत आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती पूर्वापार चालत आली असावी असेच वाटते. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ निघाले १६६५ साली. तिथे असे सविस्तर अभिप्राय लिहायला मात्र १८३२ साल उजाडले. तेव्हापासूनचा प्रवास पाहिला तर परीक्षकांची भाषा काळाबरोबर आपोआप सुधारत गेली, असे म्हणता येत नाही. अभिप्राय कोण वाचणार आणि त्याखाली सही असणार की नाही, यावर ती बदलत आली.

पहिला प्रयोग केला विल्यम ह्यूएल यांनी. सोसायटीकडे येणाऱ्या निबंधांवर जाणकारांनी अभिप्राय लिहावेत आणि ते छापावेत, अशी त्यांची सूचना होती. नव्या संशोधनाची लोकांना ओळख व्हावी, हा हेतू. सुरुवात जॉर्ज एअरी यांच्या निबंधाने झाली. पृथ्वी आणि शुक्र यांच्या गतीत दीर्घ काळाने पडणाऱ्या फरकाचे गणित त्यात होते. परीक्षक दोघे, स्वतः ह्यूएल आणि जॉन विल्यम लबक. पहिल्याच निबंधावर दोघांचे जुळेना. ह्यूएल यांना निबंधाचे महत्त्व सांगायचे होते, लबक यांना त्यातल्या गणिती उणिवा दाखवायच्या होत्या. अखेर लबक यांनी माघार घेतली आणि ह्यूएल यांच्या वळणाचा अभिप्राय दोघांच्या सहीने छापून आला. परीक्षक निबंधाचा परिचय करून देणारा की त्यातल्या चुका शोधणारा, हा वाद असा पहिल्याच दिवशी उभा राहिला. पुढे अभिप्राय छापणे मागे पडले. ते खासगी झाले आणि परीक्षकाचे नाव झाकले गेले.

बंद दाराआड भाषा कशी बदलते, याचा दाखला मुंबईशी जोडलेला आहे. जॉन जेम्स वॉटरस्टन हे स्कॉटिश गृहस्थ मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातल्या शिकाऊ उमेदवारांना शिकवत. १८४५ साली त्यांनी इथून रॉयल सोसायटीला एक निबंध पाठवला. वायूचे कण सतत धावत असतात, त्यांच्या धडकांमुळे दाब निर्माण होतो, तापमान म्हणजे त्या हालचालीचेच माप आणि एकाच तापमानाला जड कण हलक्या कणांपेक्षा संथ चालतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. आज ते पाठ्यपुस्तकात शिकवले जाते. दोन परीक्षकांपैकी एक होते तेच लबक. त्यांनी लिहिले की हा निबंध निव्वळ मूर्खपणा आहे, सोसायटीपुढे वाचण्याच्याही लायकीचा नाही.

निबंधाचा सारांश तेवढा छापला गेला आणि मूळ बाड सोसायटीच्या दप्तरात पडून राहिले. वॉटरस्टन १८८३ साली वारले. लॉर्ड रॅले यांनी ते बाड शोधून काढले आणि १८९२ साली प्रस्तावनेसह छापले. निबंध वेळेवर न छापल्याने या विषयाची प्रगती दहा-पंधरा वर्षे रखडली असावी, असे त्यांनी नोंदवले. लबक यांच्या शेऱ्यात सर्वांत मोठा दोष उद्धटपणाचा नाही. निबंधातले कोणते गृहीतक चुकले, कोणती पायरी घसरली, हे त्यातून कळत नाही. उत्तर देता येईल असा मुद्दाच त्यात नाही, मग लेखकाने सुधारायचे काय?

याच्या नेमके उलट उदाहरण १९३६ सालचे. आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे निबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, असा त्याचा निष्कर्ष. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे धाडला. परीक्षकाने सुमारे दहा पानांचा अभिप्राय लिहिला. गणितात अडचण कुठे येते आणि निर्देशक बदलले तर ती कशी दूर होते, हे त्यात दाखवले होते. आइन्स्टाइन यांना राग आला. छापण्यासाठी दिलेला निबंध आधी परक्या माणसाला दाखवलाच कसा, असे लिहून त्यांनी तो परत घेतला. परीक्षक होते हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन. आपणच परीक्षक आहोत हे उघड न करता त्यांनी आइन्स्टाइन यांचे सहायक लिओपोल्ड इन्फेल्ड यांच्याशी चर्चा केली आणि चूक समजावून दिली. १९३७ साली निबंध दुसऱ्या नियतकालिकात आला तेव्हा निष्कर्ष फिरला होता आणि रॉबर्टसन यांच्या स्नेहपूर्ण मदतीचे आभार मानलेले होते. तेच परीक्षक होते, हे नोंदींवरून सर्वांना कळले २००५ साली. ज्यांचे अस्तित्व तेव्हा वादात होते, त्या लहरी टिपणारी वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात उभी राहत आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत जगभर रुळली. ‘नेचर’नेही ती सर्व निबंधांना काटेकोरपणे लागू केली १९७३ साली. त्याबरोबर निनावी शेरेबाजीही वाढली. २०१५ साली दोन संशोधिकांना एका परीक्षकाने सुचवले की एखाददुसरा पुरुष सहलेखक घ्या. प्रकरण उघड झाल्यावर ‘प्लॉस वन’ या नियतकालिकाने त्या परीक्षकाला यादीतून वगळले. २०१९ साली ४६ देशांतल्या १,१०६ शास्त्रज्ञांची पाहणी प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक जणांना कधी ना कधी सभ्यता सोडून लिहिलेला अभिप्राय मिळाला होता आणि त्याचा घाव स्त्रिया व अल्पसंख्य गटांतल्या संशोधकांवर अधिक खोल झाला होता.

म्हणून गेल्या काही वर्षांत दारे पुन्हा उघडू लागली. ‘एम्बो जर्नल’ने २००९पासून अभिप्राय छापायला सुरुवात केली. ‘ईलाइफ’ने २०२३ साली स्वीकार-नकाराचा शिक्काच बाजूला ठेवला आणि संशोधनाचे महत्त्व व पुराव्याची बळकटी सांगण्यासाठी ठरावीक शब्दांच्या श्रेणी नेमून दिल्या. जून २०२५पासून ‘नेचर’मध्ये नव्याने येणाऱ्या संशोधन निबंधांबरोबर परीक्षकांचे अभिप्राय आणि लेखकांची उत्तरेही छापली जातात. १८३२ची कल्पना अशी परत आली.

मात्र दुसरे संकट दारात आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या परिषदांमधल्या अभिप्रायांचा २०२४ साली अभ्यास झाला. चॅटजीपीटी आल्यानंतर ‘कमेंडेबल’, ‘मेटिक्युलस’ अशा स्तुतीच्या शब्दांचा वापर एकाएकी कित्येक पटींनी वाढलेला त्यात आढळला. साडेसहा ते सतरा टक्के मजकूर यंत्राने लिहिलेला किंवा बराच बदललेला असावा, असा अंदाज निघाला. मुदत जवळ येताना आलेल्या अभिप्रायांत हे प्रमाण जास्त होते. शिवी गेली, गोडवा आला. पण निबंधाच्या कोणत्या पानावर काय खटकले, हे अशाही अभिप्रायातून कळत नाही. वॉटरस्टन यांना जे मिळाले नाही, ते या लेखकांनाही मिळत नाही.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे पीएच.डी.च्या प्रबंधाला किमान दोन बाहेरचे परीक्षक लागतात आणि मौखिक परीक्षेत त्यांच्या अहवालातल्या टीकेवर चर्चा अपेक्षित असते. ‘प्रबंध समाधानकारक आहे’ एवढ्या एका ओळीवर कसली चर्चा होणार? परीक्षकाने कठोर जरूर व्हावे. पण पान सांगावे, विधान सांगावे, पुरावा कुठे कमी पडतो ते सांगावे, आणि जे चांगले आहे ते का चांगले आहे हेही लिहावे. मार्गदर्शक, परीक्षक आणि संपादकांना एवढीच विनंती आहे : उद्या हा अभिप्राय आपल्या नावाने छापला जाणार आहे, असे समजून लिहा.