चतुष्फलकाचे घनफळ : शिरोबिंदूंवरून

सक्करदऱ्यासारख्या तलावातून काढलेला गाळ काठावर पडतो, त्या ढिगाला विटेचा आकार नसतो. लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार तेथे लागू पडत नाही. तथापि सपाट बाजूंच्या कोणत्याही घनाकृतीचे चतुष्फलकांत, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या तुकड्यांत, विभाजन करता येते. म्हणून एका चतुष्फलकाचे घनफळ ज्याला काढता आले, त्याला सर्व ढीग मोजता आला.

हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. आर्यभटाच्या इ. स. ४९९ मधील ग्रंथात अशा आकृतीचे घनफळ पायाचे क्षेत्रफळ व उंची यांच्या गुणाकाराच्या निम्मे सांगितले आहे. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने निमुळत्या खाताचे खरे माप एकतृतीयांश दिले. भास्कराचार्यांनी ११५० मधील 'लीलावती'च्या खातव्यवहारात तोच नियम सांगितला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे आहे.

परंतु तिरक्या ढिगाची लंब उंची मोजणे कठीण असते. त्याऐवजी एक खुंटी आरंभबिंदू मानावी व प्रत्येक शिरोबिंदू तिच्यापासून पूर्वेस, उत्तरेस व वर किती फूट आहे, हे लिहावे. समजा, चार शिरोबिंदू असे आहेत :

अ (२, १, ०), ब (८, ३, ०), क (३, ६, ०), ड (४, ३, ३).

प्रथम ब, क व ड यांच्या अंकांतून अ चे अंक क्रमाने वजा करावेत. तीन कडा मिळतात :

६ २ ०
१ ५ ०
२ २ ३

या मांडणीच्या निश्चयकाची किंमत अशी :

६(५×३ − ०×२) − २(१×३ − ०×२) + ०(१×२ − ५×२) = ९० − ६ + ० = ८४.

तिला ६ ने भागावे. घनफळ १४ घनफूट. किंमत ऋण आली, तर चिन्ह सोडून द्यावे. ते केवळ कडांच्या क्रमामुळे येते. शून्य आली, तर चारही बिंदू एकाच प्रतलात आहेत असे समजावे. पडताळाही सोपा आहे. येथे पाया १४ चौरस फूट व उंची ३ फूट. १४×३ चा तिसरा हिस्सा १४.

सहाने का भागावयाचे? तीन कडांवर उभ्या राहणाऱ्या तिरक्या पेटीचे घनफळ ८४ आहे. ती पेटी कर्णातून कापली असता दोन समान त्रिकोणी ठोकळे होतात व प्रत्येकातून समान घनफळाचे तीन चतुष्फलक निघतात. वर्गात ओल्या मातीचे सहा सारखे घन करावेत. प्रत्येकाचा एक कोपरा त्याच्या तीन शेजारच्या कोपऱ्यांतून जाणाऱ्या सपाट कापाने वेगळा करावा. ते सहा तुकडे एकत्र केले असता एका पूर्ण घनाइतकी माती भरते. मुलांनी ती तराजूत तोलून पाहावी.

निश्चयक हा प्राथमिक वर्गाचा विषय नव्हे. तो शिक्षकाच्या स्वतःच्या व्यासंगासाठी आहे. एकतृतीयांशाचा अर्थ मात्र मुलांपर्यंत पोचलाच पाहिजे. मातीकामाची मजुरी पुष्कळदा ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर, ठरते. वरच्या ढिगास एकतृतीयांशाऐवजी निम्मे धरल्यास १४ चे २१ घनफूट होतात. खड्डा वा ढीग मोजताना अशी चूक झाली, तर कोणाचा तरी घाम किंवा कोणाचा तरी पैसा व्यर्थ जातो. आपल्या शाळेतून बाहेर पडणारा मुलगा वा मुलगी ते माप स्वतः तपासू शकली, तर गणिताचा तास सार्थकी लागला असे म्हणावे.